आधी दारावर लाव

चि. खटपटी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, लॅपटॉप उघडलास आणि एकामागून एक ४१ कल्पना दाखवल्यास. प्रत्येकीला वेगळा रंग, प्रत्येकीला दहापैकी गुण, शेजारी 'नावीन्य', 'खर्च', 'बाजारपेठ' असे रकाने. विसरून निघालं की हाक मारणारी छत्री. वाचणारा झोपला की हळूच मान खाली घालून विझणारा दिवा. अंधारात 'मी इथे आहे' म्हणणारा चष्मा. पाऊस आला की वाळत घातलेले कपडे आत ओढून घेणारी दोरी. आणि मला सगळ्यात आवडलेलं, लिफ्टला उशीर लागणार असेल तर 'जिन्याने जा, आधी पोचशील' असं स्पष्ट सांगणारं बटण. मग तू विचारलंस, "यातलं नेमकं कोणतं निवडू?" मी तोंड उघडायच्या आत तूच पुढे म्हणालीस, की 'या सगळ्या गमती झाल्या, यात समस्या कुठे सोडवली आहेस?' असं तुला कुणीतरी विचारलं आणि तेव्हापासून तुला ही यादीच पोरकट वाटायला लागली आहे.

मी 'बघू, विचार करू' असलं काहीतरी पुटपुटलो. तू गेल्यावर स्वतःचाच राग आला. उत्तर मला तिथल्या तिथे ठाऊक होतं, पण इतकं साधं उत्तर तोंडावर सांगायची लाज वाटली. म्हणून लिहितो.

निवडू नकोस. यातली जी वस्तू पुठ्ठा, चिकटपट्टी आणि रबरबँड वापरून का होईना, आज रात्रीपर्यंत एखाद्या खऱ्या दारावर, खऱ्या टेबलावर लागू शकते, ती लाव. उद्यापासून वापर. कंटाळा येईपर्यंत वापर, आणि आल्यावरही आठवडाभर वापर. मला एवढंच सांगायचं आहे. पटलं असेल तर पत्र इथेच मिटवून कामाला लाग.

नाही ना मिटवलंस? मीही मिटवलं नसतं. वाचत बसणं फार सोयीचं असतं.

पोरकटपणाचा मुद्दा एकदाच घेतो, पुन्हा काढायचा नाही. 'अजून पाच मिनिटं' म्हणून बटण दाबलं की टेबलावरून उडी मारून खोलीभर पळणारं आणि कुठेतरी जाऊन लपणारं एक गजराचं घड्याळ आहे, क्लॉकी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना गौरी नंदा यांनी ते केलं. पहिल्या नमुन्याला झुपकेदार गालिच्याचं कापड गुंडाळलेलं होतं. चाकं लावलेला एखादा केसाळ प्राणीच जणू. २००५ साली त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या कामांना मिळणारं गमतीचं पारितोषिक) मिळालं, आणि तेही अर्थशास्त्राचं, कारण माणसं वेळेवर उठली की कामाचे तास वाढणार! पुढे ते घड्याळ विकायलाही आलं. आता मला सांग, तुझ्या त्या रकान्यांमध्ये पळणाऱ्या केसाळ घड्याळाला 'बाजारपेठ' खाली किती गुण पडले असते?

याहून वेडगळ उदाहरण हवं असेल तर जपानचे केंजी कावाकामी घे. त्यांनी 'चिंदोगु' नावाचा एक प्रकारच रूढ केला: जवळजवळ निरुपयोगी, पण अगदीच निरुपयोगी नाहीत अशा वस्तू. त्याचे नियम आहेत. चिंदोगु विकायची नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. तिचा खरोखर उपयोग होता कामा नये. असल्या आनंदी वेडेपणातही एक नियम मात्र कडक आहे, वस्तू प्रत्यक्षात असली पाहिजे. कागदावरची कल्पना चिंदोगु ठरतच नाही, ती हातात धरता आली पाहिजे. ज्यांनी उपयोगाचीच टिंगल केली त्यांनीसुद्धा 'करून दाखव' ही अट सोडली नाही, हे मला फार आवडतं. तुझ्या ४१ पैकी हातात धरता येतील अशा किती आहेत? मी मोजल्या. दीड. दिव्याचं अर्धं काम झालं आहे म्हणून तो अर्धा.

आता माझी गोष्ट. हसू नकोस, मला अजून हसू येत नाही.

उतारवयात माझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलं. बेल वाजलेली कळायची नाही. त्यांना खिडकीशी बसून बाहेर बघत राहायला आवडायचं, पण खिडकी आणि दार समोरासमोर. एकीकडे बघायचं तर दुसरीकडे पाठ. कुणी येऊन तसंच परत जाईल या धास्तीने ते दिवसभर दाराकडे तोंड करून बसू लागले. दाराच्या वरच्या भागात काच होती, बाहेर माणूस उभा राहिला की तिच्यावर सावली पडायची. त्या सावलीची वाट बघत ते बसायचे.

मी ठरवलं, बेल दाबली की दिवा लुकलुकेल असं काहीतरी करायचं. तिसऱ्या दिवशी ते ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग नुसते खोचून सर्किट जोडायच्या भोकाभोकांच्या पाटीवर, चालू होतं. एक ५५५ टायमर, एक ट्रान्झिस्टर, लाल एलईडींचा झुबका. ही ५५५ चिप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या खटपट्यांच्या डब्यात पडलेली असते. दोन रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे) आणि एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा) जोडला की निमूटपणे ठोके देत राहते. त्याच संध्याकाळी तो ब्रेडबोर्ड चिकटपट्टीने खिडकीच्या चौकटीला लावता आला असता. मी लावला नाही. तारा लोंबत होत्या, दिसायला बरं दिसत नव्हतं. मला आधी छापील बोर्ड हवा होता. मग त्याला शोभेलसं खोकं. मग वाटलं, तारा हव्यातच कशाला, बिनतारी करू. बिनतारीच करायचं तर एकच दिवा का, प्रत्येक खोलीत एकेक लावू. असे अकरा महिने गेले. अकरा महिने वडील खिडकीकडे पाठ करून बसले.

मग सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा आला. त्याने दोन दिवस आजोबांना बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरातला दाढीचा आरसा काढून खिडकीच्या चौकटीला बांधला, असा तिरपा की खिडकीकडे बघता बघता दाराची काच दिसावी. सुतळीने बांधला, खाली पुठ्ठ्याची पाचर. वडिलांनी खुर्ची फिरवली. झालं.

आणि मी काय केलं असेन? आरसा वाकडा बसला आहे, असं म्हणालो. एकदा नाही, दोनदा.

यावरून 'आरसा चांगला आणि सर्किट वाईट' किंवा 'साधेपणातच सगळं आहे' असला निष्कर्ष काढलास तर मला वाईट वाटेल, कारण तसलं बोलणारे मला आवडत नाहीत. रात्री आरसा काय कामाचा? वडील डुलकी काढत असले तर? माझा लुकलुकणारा दिवा या दोन्ही वेळी कदाचित आरशाहून सरस ठरला असता. 'कदाचित' म्हणतो, कारण तो कधी लागलाच नाही. आरसा जिंकला तो त्या दुपारी चौकटीला लागला म्हणून. वापरात आला म्हणून. माझं सुबक खोकं अजून कपाटात आहे, चारही स्क्रू घट्ट.

तर, वापरात आण.

तुझ्या यादीतल्या कपडे ओढणाऱ्या दोरीबद्दल मी परवा मुद्दाम गप्प बसलो. तिला तू दहापैकी नऊ दिले आहेस. ती मी केलेली आहे. आणि ती मी वापरली, हे महत्त्वाचं. आरशाने तेवढं तरी शिकवलं होतं. काय झालं ते जरा नीट सांगतो, कारण यातलं काहीही मला टेबलाशी बसून सुचलं नसतं.

रचना सोपी होती. एका पट्टीवर तांब्याच्या बारीक रेघा, दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत घालावेत तशा, पण एकमेकींना न भिडणाऱ्या. थेंब पडला की तो दोन रेघांमध्ये पूल होतो, थोडा प्रवाह वाहतो, बोर्डाला कळतं की पाऊस आला. मग मोटर फिरते, रिळावर दोरी गुंडाळते, कपडे सरकत छपराखाली येतात. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की मी त्या चित्राला रंगसुद्धा दिले.

पहिल्याच पहाटे पाचला मोटर घुरघुरत सुरू झाली. पाऊस नव्हता, दव होतं. दोरीवर एकही कपडा नव्हता. घरातले सगळे जागे झाले आणि रिकामी दोरी मात्र शिस्तीत आत आली. तिसऱ्या दिवशी ओली चादर होती. तिच्या वजनाने दोरी मधोमध झोळीसारखी लोंबली, मोटर अडून बसली, जळका वास आला. अडलेली मोटर फिरत्या मोटरीच्या कित्येक पट प्रवाह खेचते हे मला पुस्तकातून माहीत होतं, नाकाला त्या दिवशी कळलं. चादर काढून हलके कपडे घातले, तर चिमटे कप्पीत अडकले. हे माझं सर्वात लाडकं अपयश आहे. दोरी कप्पीतून जाते, चिमटा जात नाही. माझ्या त्या रंगीत चित्रात शर्ट होते, टॉवेल होते, एक मोजासुद्धा होता. चिमटे नव्हतेच! चित्रातले कपडे आपोआप दोरीला चिकटून राहतात, त्यांना चिमटे लागत नाहीत.

महिन्याभराने पावसाची पट्टीच मुकी झाली. काढून बघतो तर एका कंगव्याचे दाते हिरवट होऊन झिजलेले, काही पार नाहीसे झालेले. दुसरा कंगवा त्या मानाने ठीक. मी पट्टीला सतत डीसी देत होतो. ओलावा आणि एकाच दिशेचा प्रवाह एकत्र आले की धन बाजूचं तांबं विरघळत जातं; मी स्वतःच्या हाताने माझा सेन्सर खायला घातला होता. उपाय सोपा निघाला. पट्टीला सतत वीज द्यायची नाही. दर काही सेकंदांनी डोळा उघडल्यासारखी क्षणभर द्यायची, वाचायचं, बंद करायचं. शिवाय दर खेपेला दिशा उलटायची, म्हणजे झीज एकाच बाजूच्या वाट्याला येत नाही. दवासाठी पट्टीच्या पाठीला एक रेझिस्टर चिकटवला. तो पट्टी जराशी उबदार ठेवतो, दव साचत नाही, आणि पाऊस थांबल्यावर पट्टी लवकर सुकते. पट्टी तिरपी लावली, म्हणजे थेंब बसून राहत नाही.

हे सगळं चाललेलं असताना दुसऱ्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, "मला ओढणारं काही नको. थेंब पडला की नुसतं सांग. कपडे मी काढीन, नाहीतर तू काढशील." दुसऱ्या आठवड्यात! मला ते पटायला वर्ष लागलं. त्या वर्षात मी आणखी दोन मोटरी जाळल्या आणि चिमट्यांना पर्याय म्हणून जे शोधून काढलं त्याचं वर्णन मी करणार नाही. आज तिथे फक्त पट्टी आणि बझर आहे. मोटर नाही, रीळ नाही. पाच वर्षं चालू आहे.

दव, चादर, चिमटे, झिजलेले दाते आणि बायकोचं ते एक वाक्य. तुझ्या कोणत्या रकान्यात यातलं काय बसतं ते दाखव. म्हणून गुण देणं बंद कर. वापरल्याशिवाय दिलेले गुण म्हणजे न खेळलेल्या सामन्याचा धावफलक.

आता छत्री. मला वाटतं तू सुरुवात छत्रीने करावीस, कारण ती आज रात्री होऊ शकते. छत्रीच्या दांड्याला एक लोहचुंबक आणि ती ठेवतेस त्या जागी एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच. दाराला तसाच दुसरा चुंबक, दुसरा स्विच. दार उघडलं आणि छत्री जागेवरच असली की बझर. कोड दहा ओळींचा. बोलकी छत्री, गोड आवाज, विनोदी वाक्यं हे सगळं नंतर.

लावलीस की काय होईल ते आधीच सांगतो, म्हणजे तू निराश होणार नाहीस. पहिल्या दिवशी मजा येईल. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना ती ओरडेल. चौथ्या दिवशी तुझा कान तिच्यासाठी बहिरा होईल, आणि पाचव्या दिवशी भर पावसात ती बोंबलत असताना तू छत्री न घेता निघून जाशील. उगाच वाजणारा गजर माणूस ऐकेनासा होतो. मोठमोठ्या यंत्रांपाशी काम करणाऱ्यांनाही हाच त्रास आहे. तेव्हा खरा प्रश्न 'छत्रीने काय बोलावं' हा नाही, 'छत्रीने कधी गप्प बसावं' हा आहे. हा प्रश्न यादीत नव्हता, बघ. तो पाचव्या दिवशी दारात भिजल्यावर सुचतो.

तू लगेच म्हणशील, हवामानाचा अंदाज इंटरनेटवरून घेऊ. घे की. पण बॅटरीचा हिशेब कर. तुझ्याकडे आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आहे. तो काहीही न करता नुसता जागा राहिला तरी साधारण ५० मिलिअँपिअर खातो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असतात. सकाळी लावलीस तर रात्री छत्री मुकी, आणि वायफाय जोडलं तर त्याच्याही आधी. म्हणून पुढच्या खेपेला अख्खा बोर्ड न लावता नुसती चिप लाव आणि तिला झोपव. गाढ झोपेत ती मायक्रोअँपिअरवर राहते. दाराचा स्विच हलला की जागी होईल, बघेल, वाजेल, परत झोपेल. पण हे सगळं पुढच्या खेपेला. पहिली छत्री मोबाइलच्या चार्जरवर लटकलेली असली तरी चालेल. आज सुबक करायला बसलीस तर माझे अकरा महिने आठव.

दिव्याबद्दल तू तक्रार करत होतीस की मान हलायला लागली की बोर्ड मध्येच पहिल्यापासून सुरू होतो, आणि कोड दहा वेळा तपासूनही चूक सापडत नाही. चूक कोडमध्ये नाहीच. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी, तुझ्या दिव्याची मान हलवणारी) हलायला लागते तेव्हा एकदम मोठा प्रवाह ओढते, त्याच तारेवरचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं, बोर्डाला वाटतं वीज गेली, आणि तो नव्याने जन्म घेतो. मोटरीला वेगळी वीज दे, दोघांचं ग्राउंड, म्हणजे ऋण तार, मात्र एकत्र जोड, आणि मोटरीजवळ एक मोठा कपॅसिटर लाव. आणि बटण एकदा दाबलं की तीनदा मोजलं जातं तेही भूत नाही. बटणाच्या आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते, बोर्ड तेवढा चपळ असल्याने प्रत्येक थरथर मोजतो. पहिल्या स्पर्शानंतर २०-३० मिलिसेकंद कान बंद ठेवायला सांग त्याला.

आता ते तुझं आवडतं रडगाणं, 'हे आधीच कुणीतरी केलंय.' केलं असेल! चाकांची बॅग घे. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि बॅगेला चाकं त्यानंतर लागली, हे वाक्य लोक टाळ्यांसाठी वापरतात. मला त्या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. बर्नार्ड सॅडो यांना १९७० मध्ये कल्पना सुचली, १९७२ मध्ये पेटंट मिळालं. पण त्यांची बॅग चार छोट्या चाकांवर होती आणि पट्ट्याने ओढायची, कुत्र्याला फिरवायला न्यावं तशी. ती डगमगायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ यांनी तीच बॅग उभी केली, दोन चाकं, वर आत-बाहेर सरकणारा दांडा. प्लॅथ विमानाचे वैमानिक होते, म्हणजे रोज बॅग ओढणारा माणूस. 'आधीच केलेलं' असताना १५-१७ वर्षांनी ज्याचा हात दुखत होता त्याने ते बरोबर केलं. चेनचंही तसंच. व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये हुक एकमेकांत अडकवून बंद होणारी चेन काढली, ती ऐन वेळी उघडायची. तिच्या मागे लागून गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास आजची दातेरी चेन जमवली. आधी कुणी केलंय म्हणजे अर्धं काम फुकटात झालंय आणि चुका कुठे आहेत ते बघायला मिळणार आहे. ती वस्तू आण, वापर, कुठे वैताग येतो ते लिहून ठेव. वापरल्याशिवाय वैताग कसा कळणार?

डायसन यांनी पिशवीशिवाय चालणारा व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ नमुने केले, हे तू मला दोनदा ऐकवलंस. तो आकडा भिंतीवर लावू नकोस. त्याने माणूस दबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, एकही न करता ५,१२७ ची स्वप्नं बघत बसतो. तुला दुसरा नमुना करायचा आहे. तोही पहिला लावल्यावर.

चोरीची भीती आणि पेटंट, थोडक्यात. पेटंट बहुतेक ठिकाणी अर्जापासून २० वर्षं टिकतं, आणि अर्जाआधी आपणच गोष्ट जगजाहीर केली तर बऱ्याच देशांत तिचं नवेपण संपतं. म्हणून छत्रीचा व्हिडिओ टाकायची घाई नको, एवढंच. आपल्या घरच्या दाराला लावणं म्हणजे जगजाहीर करणं नव्हे. आणि नुसत्या दोन जुन्या वस्तू एकमेकींना जोडल्या म्हणून पेटंट टिकेलच असं नाही. १८५८ मध्ये हायमन लिपमन यांनी पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवून पेटंट घेतलं. १८७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं, कारण पेन्सिल पेन्सिलीचंच काम करत होती आणि रबर रबराचंच. तुझ्या यादीत 'अमुक अधिक स्पीकर' अशा निदान सात कल्पना आहेत. त्या सोडू नकोस, फक्त त्यांची चोरी होईल म्हणून रात्री जागू नकोस.

आता तू मनात म्हणत असशील, काका एवढं सांगतात, पण काकांच्या नावावर काय आहे? खरं आहे. एकही पेटंट नाही, एकही वस्तू विकलेली नाही. घरचे माझ्या खोलीला 'दवाखाना' म्हणतात, कारण तिथे आलेली वस्तू बरी होऊन बाहेर पडेलच याची खात्री नसते. लोक याला आळस म्हणतात. मी म्हणतो, मला विकायचं नव्हतंच. मला त्या पट्टीवर पहिला थेंब पडून बझर वाजलेला ऐकायचा होता, आणि तो मी ऐकला. विकणारे लोक थेंबाची वाट बघत बसत नाहीत. शिवाय त्या काळी आजच्यासारखे स्वस्त बोर्ड कुठे होते, माहिती कुठे अशी बोटाशी होती... हे लिहिताना मलाच कळतंय की हे पत्र तुझ्यासाठी राहिलेलं नाही. बोर्ड नव्हते, पण सुतळी होती. आरसा न्हाणीघरातच लटकलेला होता. रोज त्याच्यात बघून मी दाढी करत होतो.

असो. रविवारपर्यंत छत्री दाराला लागलेली हवी. तारा लोंबत असल्या तरी चालेल, लोंबत नसल्या तर मीच संशय घेईन. एक वही दारापाशी टांगून ठेव, पेन्सिल दोरीने बांधून. ती उगाच वाजली, हवी तेव्हा वाजली नाही, तू तिच्यावर चिडलीस, घरातल्या कुणी तिचं तोंड दाबलं, असं जे काही होईल ते तारीख-वेळेसह लिही. घरातलं माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं लिही, तुझ्या शब्दांत नाही. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन ये. लॅपटॉप घरी ठेव.

लिफ्टच्या बटणाचं मला कळवत राहा. ते तुला लावू देणार नाहीत, पण पुठ्ठ्यावर दोन बाण काढून लिफ्टशेजारी चिकटवून बघ, आणि लोक खरंच जिन्याकडे वळतात का ते पायरीवर बसून मोज. मला उत्सुकता आहे.

सोबत पाकिटात दिव्याच्या मोटरीसाठी १,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर ठेवले आहेत. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावलास तर फुटतो, तोंड लांब ठेव. माझ्याकडून दोनदा फुटला आहे.

तुझा
काका